कोरांटीच्या फांद्या कोण कापतंय?

मंडळी, गेले पंधरा दिवस मी शेजाऱ्यांवर पाळत ठेवून होते. आज सकाळी चोर सापडला.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पायवाटेलगत मी कोरांटी लावली आहे. आपलंच गावठी काटेरी झुडूप. दरवर्षी पिवळ्या फुलांनी भरतं आणि दिवसभर मधमाश्या, फुलपाखरं येतात. पण हल्ली रोज एक-दोन फांद्या गायब! कापही कात्रीचा.

संशय पहिल्या मजल्यावरच्या गोखलेकाकांवर. "त्या माश्या कुणाला चावल्या म्हणजे?" असं त्यांनी मीटिंगमध्ये दोनदा विचारलं होतं.

आज सहालाच गाडीआड उभी राहिले. काका आले, खिशातून कात्री काढली.

"काका, विचारायची काही पद्धत?"

ते दचकले. मग हळूच म्हणाले, "आमच्या हिला गेल्या वर्षी मधमाशी चावली, तर श्वास अडकला होता. रोज इथूनच फिरायला जाते. वाटेवर येतात तेवढ्याच फांद्या कापतो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही झाडच काढून टाकलं असतंत. फुलं आवडतात हो तिला. खिडकीतून बघत बसते."



संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही दोघांनी झुडूप मुळासकट काढून वाटेपासून दूर, त्यांच्या खिडकीसमोरच्या भिंतीशी लावलं. जगेल की नाही, माहीत नाही.

एक मजला चढून सरळ विचारायला मला पंधरा दिवसांत जमलं नाही. तुम्ही विचारलं असतंत? खरं सांगा.