नऊ संघांचा भीमाशंकर

लोहाऱ्याचा भीमाशंकर सोळा वर्षं कबड्डी खेळला आणि तेवढ्यात नऊ संघ फिरला. घरात ते कुणाच्याच लक्षात राहायचं नाही. सामना टीव्हीवर लागायच्या आधी त्याची आई सिद्धम्मा फोनवर विचारायची, "औंदा कोणच्या रंगाचं घातलंयस रं? मी वळखू कसं तुला?"

गावच्या मैदानावर तो डाव्या कोपऱ्यात खेळायचा. सोलापूरच्या एका क्लबाचा उजवा कोपरा स्पर्धेच्या आठवडाभर आधी जायबंदी झाला, म्हणून याला बोलावणं आलं. उजवीकडून पकड करायची म्हणजे पायांची सगळी सवय उलटी करायची. पोरानं ती सहा दिवसांत केली, आणि तिथंच पुढचं सगळं ठरून गेलं. हैदराबादला मध्यरक्षक हवा होता, हा मध्यरक्षक झाला. बेंगळुरूला चढाईला माणूस कमी पडला, हा चढाईला गेला. प्रशिक्षकांचा तो लाडका. पण संघाच्या पोस्टरवर त्याचा फोटो कधी लागला नाही.

बेंगळुरूला चार वर्षं कलबुर्गीचा नागप्पा त्याच्या खोलीत होता. अंगानं दांडगा, पण पकडीला उतावीळ. भीमाशंकरनं त्याला घोटा धरायला शिकवलं. "हात मागनं येऊ दे. आधी खांदा खाली." पुढं नागप्पा एका मोठ्या संघाचा कप्तान झाला. भीमाशंकर आपली बॅग भरून आणखी तीन गावं फिरला.

चौतिसाव्या वर्षी लीगच्या उपांत्य सामन्यात दोघं समोरासमोर आले. भीमाशंकरच्या संघाचा मुख्य चढाईपटू पाठ धरल्यामुळं बाहेर बसलेला. गुण बरोबरीत, चढाई शेवटची. प्रशिक्षक एवढंच म्हणाले, "भीमा, तू जा."

भीमाशंकरनं पाय टाकला तसा नागप्पानं घोटा धरला. खांदा आधी खाली, अगदी शिकवल्यासारखा. भीमाशंकरनं अंग पिळून पुढं झोकून दिलं. बोटांची टोकं मध्यरेषेला लागली. सामना जिंकला.

अंतिम सामन्यापर्यंत मुख्य चढाईपटू बरा झाला, आणि तो सामना भीमाशंकरनं बाकावरून पाहिला. पुढच्या हंगामात कुणाचाच फोन आला नाही. गावी परतताना एक शंका मात्र बरोबर आली. जुन्या मैत्रीपोटी नागप्पानं पकड सैल केली असेल का? बायकोला, शिवप्रियाला, तो कधीतरी हे बोलायचा. "विचारा की त्यांनाच," ती म्हणायची. त्याचं धाडस व्हायचं नाही.

नऊ वर्षं गेली. आता तो तालुक्याच्या मैदानावर मुलींना शिकवतो. गेल्या मे महिन्यात नागप्पा येरमाळ्याला देवीच्या दर्शनाला आला आणि वाट वाकडी करून लोहाऱ्याला उतरला. जेवताना सिद्धम्मानं ताटात भाकरी टाकत त्याला सरळच विचारलं, "ह्याचा पाय तूच धरला हुतास न्हवं? मग सुटला कसा?"

भीमाशंकरचा घास हातातच राहिला.

"काय सांगू आई," नागप्पा म्हणाला, "होतं नव्हतं तेवढं बळ लावलं होतं. दोन महिने खांदा वर होत नव्हता माझा."

"लई दुखला असंल," म्हातारी हळहळली.

भीमाशंकरनं तुपाची वाटी नागप्पाकडं सरकवली. ऊन कलल्यावर मुलींचा सराव दाखवायला त्याला मैदानावर घेऊन गेला.