तांड्यावरच्या हापशाचं पाणी पिवळं झालं तेव्हा

"सुट्टीत किल्ले काय बघतेस, माझी नववी बघ," असं वैशाली म्हणाली आणि मी बॅग भरली. वैशाली माझी कॉलेजातली मैत्रीण, आता पुसद-उमरखेड रस्त्यालगतच्या एका शाळेत विज्ञान शिकवते.

पुण्याहून पुसदला थेट बस मिळते. स्टँडबाहेर तर्री-पोहे खाल्ले, नाकाडोळ्यांतून पाणी आलं. पुढे एसटी, बायकांना अर्धं तिकीट. फाट्यापासून शाळेपर्यंत मात्र रस्ता खडीचा, तेव्हा चपला घालून जाऊ नका. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता.

वर्गात मुलांनी आपापल्या घरचं पाणी बाटल्यांतून आणलं होतं. वैशालीने प्रत्येक परीक्षानळीत गुलाबी द्रावणाचे थेंब टाकायला लावले. पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर गुलाबी रंग पिवळा होतो. नळ्या गुलाबीच राहत होत्या, मुलं कंटाळू लागली. तेवढ्यात रोशनीची नळी, तांड्यावरच्या हापशाच्या पाण्याची, बघता बघता पिवळी झाली.

सगळी मुलं तिच्या बाकाभोवती जमली.

"मॅडम, मायं काही चुकलं असन," ती म्हणाली. नळी धुऊन तिने पुन्हा केलं. पुन्हा पिवळं. तिच्या दातांवरच्या तपकिरी रेघा, फ्लोराइडच्याच खुणा, मला तेव्हा दिसल्या.

शाळा सुटल्यावर आम्ही तिच्याबरोबर बंजारा तांड्यावर, तिच्या घरी गेलो. तिच्या आईने, ती तिला याडी म्हणते, माझ्यासाठी पाण्याचा गिलास आणला. रोशनीने तिचा हातच धरला.

"पाहुणीले पानी काहून नाही देऊ देत?" याडी चिडली.

रोशनीने शाळेतून आणलेल्या द्रावणाने ओट्यावर तोच प्रयोग करून दाखवला, मग या पाण्याने पडलेल्या आपल्या दातांवरच्या रेघा दाखवल्या.

"उकळून घेऊ ना मंग."

"उकळून जात नाही, याडी. उलट वाढते."

याडीने अंगणात खेळणाऱ्या धाकट्याला जवळ ओढलं, त्याचं तोंड उघडून दात पाहिले. "मंग मी यायले आजवर काय पाजलं?"

मी त्या गिलासातल्या स्वच्छ, नितळ पाण्याकडे बघत राहिले.

पुण्याला परतून महिना झाला. वैशालीचा फोन आला: सरकारी तपासणीतही तेच निघालं. हापसा आता धुण्याभांड्यापुरता. नाल्यापलीकडच्या विहिरीचं पाणी मुलांनी तपासलं, तिथे रंग गुलाबीच राहिला. म्हणजे याडीला रोज दोन्ही वेळा घागरी घेऊन नाला ओलांडावा लागतो. ती पोरीवर वैतागली असेल, असं मला वाटलं. वैशालीने तिला विचारलंही होतं.

"पाय दुखतेत," याडी म्हणाली. "पन आता मले मालूम हाये, मी लेकरायले काय पाजून राह्यली."