नाक्यावरचा हौद

धुळ्याहून आग्रा रोडने वर गेलं की मध्य प्रदेशची हद्द लागते. तिकडे लाळ्या-खुरकुताची साथ सुरू झाली. हा रोग जनावरांच्या लाळेतून पसरतो, म्हणून जनावरांच्या दवाखान्याने माझी ड्यूटी हद्दीवरच्या नाक्यावर लावली. माझं बूड खुर्चीला टिकत नसे. लांबून गाडी दिसली की उठायचो, बैलांच्या जबड्यात फोड शोधायचो आणि कुणी हुज्जत घातली की त्याच्यावर खेकसायचो. फोड असोत-नसोत, एकही गाडी मी पुढे जाऊ दिली नाही.

एका दुपारी परत फिरवलेले एक आबा हात जोडून म्हणाले, "भाऊ, पानी ते पाजू द्या. मुकं जनावर शे."

दारात आलेलं जनावर तहानलेलं धाडणं आमच्याकडे पाप. मी शेजारच्या मळ्यातून पाणी आणून नाक्यावरचा रिकामा हौद भरला. मग रोजच भरू लागलो. इकडची, तिकडची, अडवलेली सगळी जनावरं त्यातच तोंड घालून आपापल्या गावी परतू लागली.

आठवड्याने डॉक्टर तपासणीला आले. मी अभिमानाने नोंदवही पुढे केली, पण ते हौदापाशीच थबकले. पाण्यावर लाळेचे धागे तरंगत होते.

"हा कोण भरतं?" त्यांनी विचारलं.

माझ्या दुसऱ्या हातात बादली होती.