खाजणातली मंडळी

"झाकण सैल ठेवा हं, आत मंडळी आहेत!" समोरच्या बाई असं बजावून आमच्या फ्रिजमध्ये बाटली ठेवायच्या. त्यांच्याकडे फ्रिज नव्हता आणि आमच्याकडे नाही म्हणायची सोय नव्हती, कारण बायकोचं आणि त्यांचं मेतकूट जमलं होतं.

मंडळी म्हणजे जिवाणू. बाई वाशीच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या, तेही हंगामी. आम्ही घणसोलीला राहायचो; तिथं तेव्हा रेल्वे आली नव्हती. सुट्टीच्या दिवशी बाई खाडीकडे चालत जायच्या आणि खाजणात, म्हणजे तिथल्या खारट चिखलात, वाढणारं गवत मुळासकट उपटून आणायच्या. त्या मुळांवरचे जिवाणू त्यांनी वेगळे काढून वाढवले होते. "हे मिठात सुखाने नांदतात. भाताच्या मुळाशी राहिले तर त्यालाही तग धरायला मदत करतील," असं त्या सांगायच्या.

भात होता तळवलीच्या काकींचा. काकी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी भाजी विकायच्या. त्यांची बाकीची जमीन शहरात गेली होती, खाडीलगतचा एक तुकडा तेवढा उरला होता. त्याचाही बांध फुटला, भरतीचं पाणी आत शिरलं आणि तिथं भात उगवायचा थांबला. पुतणे म्हणत होते, भराव टाकून खोल्या बांधू. काकींनी त्यांच्याकडून एक पावसाळा मागून घेतला होता.

"यंदा भात झाला तं झाला, बाय. नाय तं टाकू दे त्यांना भराव," असं त्या बाईंना म्हणाल्याचं मी स्वतः ऐकलं होतं.

आणि तरीही मी तो पराक्रम केला. बाईंनी गुळाच्या पाण्यात कालवलेली मंडळी काकींच्या बियाण्याला चोळली, सुपं माझ्या हातात दिली आणि "सावलीत पसरा" म्हणून परीक्षेच्या कामाला गेल्या. आता तुम्हीच सांगा, मे महिन्यात मराठी माणसाच्या हाती सूप दिलं तर तो कुठे जाईल? मी तडक गच्चीवर गेलो. बायकोच्या कुरडयांशेजारी, टळटळीत उन्हात, मी ते बियाणं एकसारखं पसरलं. वर कावळे येऊ नयेत म्हणून छत्री घेऊन बसलो. छत्री अर्थात माझ्यावर होती.

संध्याकाळी बाईंनी एक दाणा चिमटीत धरला. "चांगलं वाळलंय," त्या म्हणाल्या.

"मग झालं तर!"

"भात उगवेल हो. मंडळी भाजली."

मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण बाई खाली येऊन थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या. फ्रिजमध्ये मूळ बाटली शिल्लक होती. त्यांनी ठरवलं, लावणीच्या वेळी रोपांची मुळं मंडळींच्या पाण्यात बुडवायची. त्यासाठी मंडळी पुन्हा वाढवायला हवी होती, पण परीक्षा संपून कॉलेजला सुट्टी लागलेली, प्रयोगशाळेला कुलूप. "वहिनी, कुकर द्याल?"

पुढचे काही दिवस आमच्या कुकरमध्ये वरणाऐवजी बटाट्याचं पाणी, गूळ आणि मीठ घालून बाटल्या शिजत होत्या. बाटल्या गार झाल्या की बाई त्यांत मूळ बाटलीतले दोन-दोन थेंब सोडायच्या.

"अहो, लोणच्याएवढं मीठ?" बायकोने विचारलं.

"त्याशिवाय करमत नाही त्यांना."

आम्ही त्या दिवसांत पिठलं-भाकरी खाल्ली. बायको बाईंच्या हाताखाली बाटल्या उकळायला, गार करायला, ज्योतीजवळ धरून उघडायला शिकली. मला बाटल्यांना हात लावायची बंदी होती.

लावणीला मात्र मला नेलं. मी बादली धरली, बाईंनी रोपांच्या जुड्या बुडवून दिल्या, काकींनी लावल्या. एक पट्टा बाईंनी मुद्दाम तसाच, न बुडवता लावायला सांगितला. मी चिखलात गुडघ्यापर्यंत रुतलो तेव्हा काकी म्हणाल्या, "याला पन लावायचा का गो, बाय?" बाई इतक्या हसल्या की हातातली जुडी सुटली.

भात निसवला, लोंब्या बाहेर आल्या. तो फार दणदणीत होता असं नाही, पण उभा होता. न बुडवलेला पट्टा शेजारी पिवळा, खुरटा दिसत होता. मी बाईंचं अभिनंदन केलं. "काकींनी बांध घातला, पावसाने मीठ धुतलं. मंडळींनी हातभार लावला असेल," त्या म्हणाल्या. एवढ्या यशाला "असेल" म्हणणारं माणूस मी आमच्या ऑफिसात कधी पाहिलं नव्हतं.

कापणीआधीच त्यांना रत्नागिरीकडच्या कॉलेजात कायमची नोकरी लागली. जाताना त्यांनी फ्रिजमधली बाटली घेतली, पत्ता दिला, दाराशी दोन बोटं रांगोळी ओढायला वाकलेल्या बायकोला उठवून मिठी मारली आणि जिना उतरून गेल्या. माझ्या चुकीबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. त्याचे आभार मानायचे माझ्याकडून राहिलेच.

कापणी झाल्यावर काकी आमच्या मजल्यावर आल्या. समोरच्या दाराला कुलूप बघून तिथंच उभ्या राहिल्या. "पोरं म्हनतान, यंदा जमला, फुडच्या साली काय? बाय तं गेली." त्यांचा हात कुलपावर होता.

मी काहीतरी धीराचं बोलण्यासाठी घसा साफ केला. तेवढ्यात बायको पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "काकी, बी तुम्ही राखून ठेवा. बाटली मी मागवते त्यांच्याकडून."