कोर्लईचं गाणं, लिटल्टनच्या हॉलमध्ये

आईचं परतीचं तिकीट दिवाळीच्या आधीचं होतं, आणि ते तिने रद्द करावं म्हणून मी ही सहल आखली. खरं कारण एवढंच. २०१८ चा ऑक्टोबर, लेबर डेची सोमवारची सुट्टी धरून चार दिवस. बॅगेत स्वेटर, मळमळीच्या गोळ्या, मेथीचे पराठे आणि व्हिसा वाढवायचा फॉर्म. फॉर्म मी सगळा भरून ठेवला होता, फक्त आईच्या सहीची जागा मोकळी होती. साउथ आयलंड बघून माणूस विरघळतो म्हणतात. म्हटलं, बघू आमची आई विरघळते का.

आई मे महिन्यापासून आमच्याकडे वेलिंग्टनला, जॉन्सनव्हिलमध्ये होती. घरात एरवी आम्ही दोघीच, मी आणि नऊ वर्षांची लेक सई. आई आल्यापासून संध्याकाळी घरी यायला मला कारण मिळालं होतं. दार उघडलं की फोडणीचा वास, आणि "आलीस का गं?" आता हे सगळं जाणार होतं. तिला मात्र रेवदंड्याचं घर, मागच्या सहा नारळी आणि शेजारची सुलूमावशी दिसत होती. "इथे सगळं आहे गं," ती म्हणायची, "पण मला नावाने हाक मारणारं कोणी नाही."

मग एक दिवस लायब्ररीच्या फळ्यावर मला पोस्टर दिसलं. ख्राइस्टचर्चजवळच्या लिटल्टन बंदरात तीन भावंडांचा जॅझचा कार्यक्रम, 'कोर्लईची गाणी'. मी तिथेच उभी राहून नाव तीनदा वाचलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: कोर्लई म्हणजे रेवदंड्याच्या खाडीपलीकडचं, किल्ल्याच्या पायथ्याचं गाव. पोर्तुगीज गेले, पण त्यांची भाषा आपल्या मराठीत मिसळून त्या गावात राहिली. तिला क्रिओल म्हणतात हे मला कॉलेजात कळलं. आईसाठी ती फक्त तिच्या वर्गातल्या फिलोमिनाची भाषा होती.

शुक्रवारी सकाळी साउथ आयलंडला जाणारी फेरीबोट. लाँग वीकेंडला जायचं असेल तर गाडीची जागा दोन महिने आधी बुक करा, मी उशीर केला आणि सकाळची सगळ्यात गैरसोयीची वेळ मिळाली. साडेतीन तासांचा प्रवास, त्यातला पहिला दीड तास समुद्र तुमची परीक्षा घेतो. सई गोळी घेऊन झोपली. आई मात्र डेकवर शाल घट्ट लपेटून उभी. "कोर्लईला जायला पूर्वी पूल नव्हता," ती म्हणाली. "फिलोमिना होडीने शाळेत यायची. भरतीला उशीर झाला की पहिला तास बुडायचा, आणि बाई मला ओरडायच्या, जणू होडी मीच वल्हवत होते."

पिक्टनला उतरून काइकौराचा रस्ता धरला. २०१६ च्या भूकंपानंतर हा रस्ता वर्षभर बंद होता, अजूनही जागोजागी काम चालू असतं. गुगल सांगेल त्यात सरळ तासभर मिळवा. एका ठिकाणी थांबण्याची पाटी हातात धरलेल्या माणसाने खिडकीशी वाकून "किया ओरा" असा माओरी नमस्कार केला, "दहा मिनिटं हं" सांगितलं, तर आईने त्याला पराठा दिला. त्याने तो उभ्याउभ्या खाल्ला आणि अंगठा दाखवला. पुढे खडकांवर सील पसरलेले. आई बराच वेळ बघत राहिली. "जेवून आडवे झाले की तुझे बाबा अगदी असेच दिसायचे," म्हणाली.

काइकौरात क्रेफिश, म्हणजे इथली शेवंड, खायचं असं सगळे ब्लॉग सांगतात. किंमत ऐकून आईने असा चेहरा केला की आम्ही तिघींत एक फिश अँड चिप्स घेऊन समुद्राकाठी बसलो. अजिबात पश्चात्ताप नाही. मोटेल साधं, स्वच्छ, खिडकीतून बर्फाचे डोंगर. हीच वेळ, असं ठरवून मी फॉर्म काढून आईपुढे धरला.

"छान आहे हो सगळं," आई डोंगरांकडे बघत म्हणाली. "आता बघून झालं."

मी फॉर्म परत ठेवला.

शनिवारी ख्राइस्टचर्च. नव्या काचेच्या इमारती, आणि मधूनच २०११ च्या भूकंपाने रिकामे झालेले प्लॉट, तिथे रंगवलेल्या भिंती नि गवत. फिरायला गाडी हवीच. आईला ते रिकामे प्लॉट आवडले नाहीत. "कोणाचं तरी घर असणार ना इथे," एवढंच बोलली.

रविवारी दुपारी बोगद्यातून लिटल्टनला गेलो. उतारावरचं गाव, खाली क्रेन, जहाजं. हॉल जुना, लाकडी, शंभरेक खुर्च्या. ती तीन भावंडं म्हणजे सिसिलिया पियानोवर, जेरोम सॅक्सोफोनवर आणि धाकटी अँजेला ड्रम्सवर, तिघंही पन्नाशीच्या आसपास. जेरोमने सुरुवातीला सांगितलं, "न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल लोकांचं संगीत आम्ही वीस वर्षं वाजवत होतो. मम्मा गेल्यावर तिच्या कपाटात एक कॅसेट सापडली. तेव्हा शोध घेतला आणि कळलं, क्रिओल तर आम्हीच आहोत." त्यांची आई लग्न होऊन कोर्लईहून थेट या बंदरात आली होती, वडील जहाजावर होते. मुलांशी ती इंग्लिशच बोलली. पुढच्या महिन्यात ही गाणी रेकॉर्ड करायची होती.

शेवटचं गाणं कॅसेटवरचं. छापील पत्रकात त्याखाली लिहिलं होतं, 'घर सोडलेल्या आईचा विलाप'. सिसिलिया अतिशय संथ गात होती. शब्द तिला कळत नव्हते, तरी एकेक जपून उचलत होती. अँजेला ड्रमवर तारेचे ब्रश अलगद फिरवत होती. पुढच्या रांगेत एक बाई डोळे पुसत होत्या, माझेही भरले. शेजारी बघते तर आई अस्वस्थ. तिचा उजवा हात मांडीवर गोल गोल फिरत होता.

"किती सावकाश," ती पुटपुटली. "अशाने खोबरं कधी व्हायचं?"

नंतर चहा आणि स्कोन्स. आमचं गाव कळल्यावर सिसिलिया धावतच आली, आईचे दोन्ही हात धरले. आईला ते गाणं माहीत होतं. फिलोमिनाच्या बहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी चार बायका खवण्या घेऊन बसल्या होत्या, आणि ते खोबरं खवताना म्हणायचं गाणं होतं. व्याह्यांची चेष्टा करणारं. अर्थ फिलोमिनाने सांगितला होता, की नवऱ्याकडची माणसं एवढी खादाड, त्यांना नारळाची सगळी वाडी पुरणार नाही.

"सांग तिला," आई म्हणाली.

माझी जीभ रेटेना. आई गेलेल्या बाईला कसं सांगू, की ज्यावर सगळा हॉल रडला ते चेष्टेचं गाणं आहे? मी शब्द जुळवतेय तोवर सईने स्कोन खाता खाता सांगून टाकलं, "आजी सेज इट्स टू स्लो. इट्स अ फनी साँग."

सिसिलियाचा चेहरा उतरला. मला सईला चिमटा काढावासा वाटला. पण आईने तोवर खुर्ची ड्रमजवळ ओढली होती. ती टोकावर बसली, एक पाय दुमडला, जणू खवणीवरच बसलीय, आणि हात चालवायला लागली. खर्र खर्र, खर्र खर्र. अँजेलाने तिच्या हाताकडे पाहत ब्रश उचलले. हुबेहूब तोच आवाज. आई तिच्या फाटक्या आवाजात गायला लागली, शब्द अर्धेमुर्धे, वेग मात्र पक्का. जेरोमने सॅक्सोफोन तोंडाला लावला आणि हसू आवरेना म्हणून काढला. चहाचे कप ठेवून लोक टाळ्यांनी ताल धरायला लागले.

सिसिलिया तेवढी उभी होती. "मम्मा कायम सावकाशच गायची," ती म्हणाली. "सिंकपाशी. खिडकीतून बंदराकडे बघत. आम्हाला वाटायचं, गाणंच तसं आहे."

मी भाषांतर केलं. आईचा हात थांबला.

"एकटी होती ना बिचारी," ती म्हणाली. "चार जणी लागतात गं. तेव्हा वेग येतो."

हे मला सिसिलियाला इंग्लिशमध्ये सांगायचं होतं. कसंबसं सांगितलं. मला आमचं जॉन्सनव्हिलचं सिंक दिसत होतं, आणि मी ऑफिसहून येते तेव्हा तिथे उभी असलेली आई. ती गुणगुणत असायची. मला वाटायचं, रमली.

सोमवारी एका दमात पिक्टन गाठून फेरी पकडली. असं करू नका, मध्ये एक मुक्काम घ्या, कंबर मोडते. डेकवर आईने स्वतःच विचारलं, "तो कागद कुठाय? इतकं तुझं मन मोडत असेल तर करते सही."

"राहू दे," मी म्हटलं. "सुलूमावशी वाट बघत असेल."

तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

दिवाळीच्या आठवडाभर आधी आई गेली. सिसिलियाची ईमेल आली, रेकॉर्डिंगमध्ये गाणं दोनदा घेतलंय, आधी मम्माचं आणि मग कोर्लईचं. सहलीचे रस्ते, वेळा वर दिल्याच आहेत. जमलं तर आईवडिलांना घेऊन जा. फॉर्म नेऊ नका.

लक्ष्मीपूजनाला मी करंज्या करायला घेतल्या. किसलेलं खोबरं फ्रीजरमधलं, इंडियन शॉपचं. सिंकपाशी पाकीट गरम पाण्याखाली धरलं होतं, तेवढ्यात सई मागे येऊन उभी राहिली.

"मम, यू आर डुइंग इट टू स्लो."

मी ते गाणं गातेय हे मला तोवर कळलंच नव्हतं. पाणी बंद केलं, तिच्यासाठी वेग वाढवून पाहिला. जमला नाही.