सुंदरा मावशींचं ‘बघू की’

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना तर नाहीच. देवाला सांगायला बसतो — पण तिथंही वाक्य अर्ध्यात सोडून ‘आमेन’ म्हणतो आणि उठतो. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं बरं आहे.

तसा मी बोलघेवडा माणूस. स्वतःच्या फजितीचे किस्से सांगून मंडळी हसवण्यात जिंतुरात माझा हात कुणी धरत नाही. चर्चच्या सर्व्हेचा किस्साही मी लय वेळा सांगितलाय — पण अर्धाच.

माझा धंदा बियाण्यांचा. एकदा कंपनीनं आम्हाला शिकवलं, की शेतकरी कोणत्या वयाचा, जमीन कोरडवाहू की बागायती, घरात निर्णय कोण घेतं, हे आधी विचारा, मग पिशवी पुढं करा. त्यानं सोयाबीनचं बी बरं खपलं आणि माझ्या डोक्यात हवा गेली. आमच्या चर्चमध्ये तेव्हा बाकं रिकामी राहायची. तरुण जोडपी नाताळालाच दिसायची. नवे पाळकसाहेब काळजीत होते. मी म्हणालो, साहेब, आपणही लोकांना विचारू. गट पाडू.

घरोघर हिंडलो. ‘चर्चमध्ये काय बदल हवा?’ यावर मला काहीतरी आत्मिक ऐकायचं होतं. लोकांनी पंखे मागितले. एक जण ‘पाळकसाहेबांचा संदेश आखूड करा’ म्हणाला आणि मग माझ्या मागं गल्लीच्या तोंडापर्यंत आला — ‘माझं नाव घालू नका, भाऊ.’ कमिटीपुढं मी वयाप्रमाणे फोडी पाडलेलं रंगीत वर्तुळ ठेवलं. पाळकसाहेब बराच वेळ बघत राहिले.

“साळवेभाऊ, हे लाल म्हणजे पापी का?”

“नाही साहेब, पन्नाशीच्या पुढचे.”

“म्हणजे मीच की.”

इथं लोक हसतात. मी किस्सा इथंच संपवतो.

पुढचं असं, की तरुण घरांना उपासना सकाळी आठला हवी होती. नंतर मुलांचे क्लास, दुकानं, पाहुणे. सगळं जुळत होतं. जुळत नव्हती ती एकटी सुंदरा मावशी.

मावशी चारठाण्याकडच्या एका खेड्यातली. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, गावात ख्रिस्ती घर तेवढंच. रविवारी पांढरं लुगडं नेसून एसटीनं यायची. पहिली गाडीच नऊच्या पुढं जिंतुरात पोचते, त्यामुळं दहाची उपासना तिला नेमकी सापडायची. मग चहा घेत बायकांत बसायची. सर्व्हेच्या वेळी मी तिला विचारलं होतं, चर्चला कशासाठी येता?

“बोलायला,” ती म्हणाली.

“देवाशी?”

“त्याच्याशी बी. गावात समदे रानात जातेत, बाबा. बोलायला कोण हाय?”

मी लिहिलं — सामाजिक कारण. काय शब्द आहे, नाही?

मग एका रविवारी ती पायरीवर चपला काढत असताना विचारलं, “मावशी, उपासना आठला केली तर जमंल का?”

ती थांबली. पदर सारखा केला. “बघू की, बाबा.”

मला हो किंवा नाही, यातलं एक हवं होतं. पण मी काय पुण्याहून आलो होतो का? आपल्याकडं मानाच्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. स्थळ पसंत नसलं तरी बघू, जेवायला थांबायचं नसलं तरी बघू. शेतकरी ‘बघू की’ म्हणाला, की मी पिशवी मुकाट्यानं गाडीत परत टाकतो. तो शब्द मला तिच्याइतकाच कळतो. तरी मी तिला ‘हो’मध्ये धरलं.

पाळकसाहेबांनी कमिटीत विचारलं — ते विसरले नव्हते — “सुंदरा मावशींना गाडी मिळते का?” खरं सांगितलं असतं तर त्यांनी वेळ दहाचीच ठेवली असती. आणि माझं वर्तुळ? माझी हुशारी? मी म्हणालो, “मी स्वतः विचारलंय, साहेब. काही अडचण नाही म्हणाल्या.”

नवी वेळ व्हॉट्सअ‍ॅपवर गेली. मावशीकडं फोन नव्हता. तिला कळवायचं काम मी अंगावर घेतलं आणि कळवलं नाही.

पहिल्याच रविवारी बाकं भरली. उपासना झाली, पाळकसाहेब पाथरीच्या चर्चमध्ये उपासना घ्यायला निघून गेले, माणसं पांगली. मी माइकच्या वायरी गुंडाळत होतो आणि ती दारात आली.

“संपलं व्हय?”

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी म्हणालो, “आज जरा लवकर झालं, मावशी. पुढच्या रविवारी या.”

ती आली. त्याच्या पुढच्याही रविवारी आली. मी दर वेळी तेच — आज जरा लवकर झालं. मला कुलूप लावायचं असायचं. ती म्हणायची, “लाव बाबा, मी बसते पायरीवर. गाडीला येळ हाय.” आणि मी कुलूप लावायचो. पायरीवर तिला तशीच सोडून घरी जायचो — जेवायला.

मग ती यायची थांबली. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा सांगितलं, गुडघे धरलेत म्हणे.

पावसाळा सरता सरता ती गेली. आम्ही तिच्या गावी गेलो. कबरीपाशी तिची शेजारीण माझ्या शेजारी उभी होती. म्हणाली, “दर ऐतवारी लुगडं नेसून फाट्यावर जाऊन बसायची हो. कंडक्टर म्हणायचा, आजी, चला की. तर म्हणायची, तिकडं लवकर संपतंय, माझीच गाडी हळू हाय. गाडी गेली की घरी यायची.”

सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. मीही टाकली.

मग पाळकसाहेब बोलले. म्हणाले, ही बहीण कशी होती बघा — मंडळी वाढावी म्हणून आपण वेळ बदलली, तर गुडघे दुखत असतानाही नाही म्हणाली नाही. साळवेभाऊंनी स्वतः जाऊन तिला विचारलं होतं.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. शेजारणीनंही.

मी मान हलवली. हो.