एकच टाकी, एकच जिना

शाळेत तिसरा तास चालू होता. शिपाई वर्गाच्या दारात येऊन म्हणाला, "बाई, फोन आलाय. तुमच्या आत्याच्या बिल्डिंगमधनं." ऑफिसात जाऊन फोन कानाला लावला, तर पलीकडे पद्मक्का. आत्याच्या समोरच्या दारात राहणाऱ्या, चिकोडीकडच्या जैन घरातल्या, सत्तरीच्या बाई. खालच्या दुकानातून बोलत होत्या. आधी भडाभडा कानडीत काहीतरी म्हणाल्या, मग थांबल्या... आणि मराठीत सावकाश म्हणाल्या, "सिस्टर गेल्या हो. चहा ठेवला होता सकाळी. तो उतरायच्या आतच..." या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. इतके दिवस लिहायला मन धजत नव्हतं. आता मात्र तिच्याबद्दल सांगावंसं वाटतं, विशेषतः तिनं म्हातारपणी घर कसं निवडलं ते. कारण तेव्हा मी सतत तिच्याबरोबर होते, आणि तरीही तिच्या मनात काय चाललंय ते मला कळलं नव्हतं.

शेवंताआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. त्यांची आई, म्हणजे माझी आजी, निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. आत्या शिकली, मिरजेला जाऊन नर्स झाली आणि चिकोडीच्या, मग निपाणीच्या सरकारी दवाखान्यात तिनं तीस वर्षं काढली. नवरा प्राथमिक शिक्षक होता, तो लवकर गेला. मूल नव्हतं. पण एकटी, बिचारी असं तिच्याबद्दल कुणाला कधी वाटलं नाही, कारण तिला सारखे प्रश्न पडलेले असायचे. कळा देणाऱ्या बाईला ती विचारायची, "तुमच्यात बाळाचं नाव कोण ठिवतंय गं, आत्या का मामी?" आणि ती बाई कळा विसरून सांगायला लागायची. चांगला चालणारा स्टोव्ह उघडून बघायची. बसमध्ये कंडक्टरला विचारायची, तिकिटाला भोक नेमकं इथंच का पाडता म्हणून. मी शेजारी बसून खिडकीबाहेर बघत राहायचे, ही माझी कुणी नव्हे अशा चेहऱ्यानं.

सत्तर सालाच्या आसपास तिनं निपाणीच्या कडेला पाच खोल्यांचं कौलारू घर बांधलं. ते आमच्यासाठी. आम्ही भावांची सहा पोरं त्या घरात राहून शिकलो. मग एकेक जण नोकरीला लागला, एकेकीचं लग्न झालं. मी बेळगावात शिक्षिका झाले. आत्याला रिटायर व्हायला दोन वर्षं उरली, तेव्हा एका रविवारी केरसुणी हातात घेऊनच ती म्हणाली, "झाडाय पाच खोल्या आन् राहाय एक. बाकीच्या चार कुणासाठी झाडू गं?" घर विकायचं आणि लहान जागेत जायचं, एवढं तिनं तिथंच ठरवलं. कुठं, ते मात्र ठरेना. बेळगावात तेव्हा नुकत्याच तीन-तीन मजल्यांच्या इमारती उठायला लागल्या होत्या आणि फ्लॅट हा शब्द आमच्याकडे नवा होता. मी म्हणत होते, फ्लॅट घे, माझ्याजवळ राहशील. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणत होते, "आक्का, हवेत टांगलेलं घर ते. खाली जमीन न्हाय, वर आभाळ न्हाय. दोन खोल्याच घे, पर भुईवर घे." आत्या दोघांनाही म्हणाली, "बघूया की. बघाय काय जातंय?"

आधी आप्पांनी शोधलेलं घर बघायला गेलो. बेळगावच्या उत्तरेला, कंग्राळीच्याही पुढं, एका खेड्यात. घर खरोखर छान होतं. दोन खोल्या, सारवलेलं अंगण, मागं पेरूचं झाड. मालक भला माणूस होता, त्यानं पेरू तोडून दिले. आत्यानं भिंतीला हात लावून बघितला, कौलं बघितली, मग विचारलं, "शेजारी कोण कोण हाईत?" मालकाला वाटलं, बाईंना सोबतीची काळजी आहे. तो आपुलकीनं म्हणाला, "त्याची काळजी नको, सिस्टर. ही कडंची सगळी तुमचीच माणसं. तुमाला बरं पडंल." "आन् पाणी?" "तुमच्या वस्तीला सरकारनं निराळा हापसा दिलाय की! गावात जायाचं कामच न्हाय." आत्या "व्हय व्हय" म्हणाली. पेरू खात खात आम्ही परत आलो. बसमध्ये तिनं कंडक्टरला एकही प्रश्न विचारला नाही. मी मनात म्हटलं, घर आवडलेलं दिसतंय.

दुसऱ्या रविवारी फ्लॅट. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दाखवायला बिल्डरचा माणूस आला होता. तो खिडक्या दाखवत होता, हवा कशी येते ते सांगत होता. आत्याचं तिकडे लक्षच नव्हतं. "पाण्याची टाकी किती?" "एकच, बाई. वर गच्चीवर." "सगळ्यांस्नी मिळून?" "सगळ्यांना." "बघायची हाय." तो हसला. आत्या हसली नाही. गच्चीवर जाऊन, पदर खोचून, छप्पन वर्षांची ती बाई लोखंडी शिडीवर चढली. "अवो, पडशीला!" असं तो खालून ओरडत होता. तिनं झाकण बाजूला केलं आणि आत डोकावून कितीतरी वेळ बघत राहिली. उतरताना पाइप मोजले, कुठला कुणाकडं जातो ते विचारलं. मग म्हणाली, "जिनाबी एकच न्हवं?" "एकच की. दुसरा कशाला?" मला लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. त्यावर तिनं आणखी एक विचारलंच, "ह्या वळणावरनं स्ट्रेचर जाईल का हो? माणूस मेलं तर कसं नेता खाली?" त्या माणसाचा चेहराच उतरला.

आम्ही निघालो, तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि पद्मक्का बाहेर आल्या. त्यांना राहायला येऊन दोनच महिने झाले होते. मुलं व्यापारासाठी लांब गेलेली, त्यांनीही चिकोडीकडचं मोठं घर सोडलं होतं. "बर्री, कूड्री," या, बसा, म्हणत त्यांनी चटई टाकली. आत्या कानडीत सुरू झाली. वरच्या मजल्यावर झोप लागते का, पापड कुठं वाळवता, शेजारी भांडतात तेव्हा ऐकू येतं का... तासभर चाललं. निघताना दोघी हसत होत्या.

त्या संध्याकाळी आप्पा चिडले. "आक्का, आपल्या माणसांत ऱ्हायाचं सोडून तितं कशाला मरायला जातीस?" आत्या शांतपणे म्हणाली, "बघितली की रं मी जमीन. जमिनीवर कुणाचं घर कुठं, ते आदीच ठरल्यालं असतंय. आई हिरीच्या कडंला घागर घिऊन हुबी ऱ्हायाची. कुणी वरनं वतंल तवा पाणी. मी तिचा पदर धरून असायची. तू लहान हुतास... तितं एकच टाकी हाय, आप्पा. मी आत बघून आलोय. एकच पाणी, एकच जिना. आता माणसं कशी वागत्यात, ते मला बघायचंय." टाकीत डोकावणारी आत्या माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा उभी राहिली आणि या वेळी मला स्वतःची लाज वाटली.

शेवटच्या दोन वर्षांसाठी तिनं बेळगावला बदली मागून घेतली. पाच खोल्यांचं सामान दोन खोल्यांत बसवताना तिला फार मजा आली. खाट, धान्याची पिंपं, पितळी हंडे, सगळं वाटून टाकलं. ताटं तीनच ठेवली. तीनच का, विचारलं तर म्हणाली, "एक माझं, एक येणाऱ्याचं, एक घासाय पडल्यालं."

राहायला जाऊन पंधरा दिवस झाले असतील. मी गेले तर ती खिडकीशी गप्प बसलेली. पद्मक्कांच्या नळाला बांधलेलं पांढरं फडकं तिनं पाहिलं होतं. "मी आल्यावर बांधलंय गं त्यांनी," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, कशाला विचारतेस? पण न विचारता राहील ती आत्या कसली! उठली, समोरचं दार वाजवलं आणि सरळ म्हणाली, "पद्मक्का, हे फडकं माझ्यामुळं बांधलंय काय?" पद्मक्कांना आधी कळेचना. कळलं तेव्हा म्हणाल्या, "अय्यो, नाही हो सिस्टर! आमच्यात पाणी गाळूनच पितात. बारीक जीव मरू नयेत म्हणून. आधी गाळणं वापरत होते, ते फाटलं..." आणि फाटलेलं गाळणं आणून दाखवलं. आत्या ते उलटंसुलटं करून बघायला लागली. गाळलेले जीव मग कुठं सोडता, परत पाण्यात का... दोघींचं हसू आणि डोळ्यांतलं पाणी तेव्हा एकदमच आलं.

सगळंच असं सुटलं, असं मात्र मी म्हणणार नाही. पद्मक्का आत्याकडे रोज यायच्या, गप्पा मारायच्या, तिच्याकडून रक्तदाब तपासून घ्यायच्या. जेवल्या कधीच नाहीत. सूर्य मावळला, आज उपास आहे, कांदा चालत नाही, बटाटा चालत नाही... कारण दरवेळी खरंच असायचं. मी एकदा आत्याला म्हटलं, एवढं सगळं विचारतेस, हे का नाही विचारत? ती म्हणाली, "तेवढं एक न्हाय इचारलं. मैत्रीण हाय ती माझी." सात वर्षं ती त्या घरात राहिली आणि तो प्रश्न तिनं तसाच ठेवला.

गेल्या रविवारी सामान आवरायला गेले. आवरण्यासारखं फार नव्हतंच. दारात, अगदी जिन्याला लागून, तिची वेताची खुर्ची होती. रिटायर झाल्यापासून संध्याकाळी ती तिथं बसायची आणि वर जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून पिशवीत काय, ते विचारायची. दमले होते, म्हणून मी त्या खुर्चीत टेकले. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ जिना चढत आले. खाली मान घालून, कसल्या तरी विचारात होते. दाराशी आल्यावर सवयीनंच थांबले, पिशवीचं तोंड उघडून माझ्यापुढं धरलं आणि म्हणाले, "मेथी बघा आज कसली कवळी..." मग वर बघितलं. पिशवी तशीच धरलेली.

मग मी विचारलं, "कुठनं आणली?"

त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली आणि सांगायला लागले.